बडोद्यातला देवमासा

माझ्या थोरल्या भावाला बाबांशी एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याने आम्हा सगळ्यांना बडोदा दाखवायला नेलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचं घराणं पटाईत, पण त्यासाठी कुणी गुजरात गाठल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

साठ ते सत्तरच्या मधली गोष्ट. तारापूरला वीजघराचं बांधकाम जोरात चाललं होतं. दादा बोईसरला जाऊन-येऊन वेल्डिंग शिकला आणि त्याला तिथे काम मिळालं. सोमवारी हजर व्हायचं होतं. आम्ही मुरबे गावचे. घरची होडी, बाबा तिचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे म्होरके, दादा एकुलता एक मुलगा. तो होडीवरून उतरला तर समुद्रात लावलेली डोल, म्हणजे ते अजस्र जाळं, ओढायला बाबांच्या जोडीला घरचं कुणी उरत नव्हतं. आईला आणि मला त्याने सांगून टाकलं होतं. बाबांसमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. गावापासून लांब नेलं, राजवाडा दाखवला की म्हातारा नरम पडेल, असा त्याचा हिशेब. भांगाचे दिवस होते. तेव्हा पाण्याला ओढ नसते आणि डोल लावून उपयोग नसतो. म्हणून बाबा यायला तयार झाले.

गाडीत दादाने तीनदा खाकरून घसा साफ केला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मला तेव्हाच त्याला ढकलावंसं वाटत होतं. सोळा-सतराची होते मी, आणि कुणी काही पोटात धरून बसलं की माझ्याच पोटात कळ यायची.

बडोद्याला उतरून हातपाय धुवायला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत गेलो. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून आणली होती. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने नाक वर करून हवा हुंगली आणि आम्हाला ओसरीवरूनच परत पाठवलं. आई तोंडावर पदर धरून हसत होती. ते गाठोडं मग दिवसभर माझ्या काखेत. टांगेवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

राजवाड्याच्या आत सोडत नव्हते, फाटकातूनच बघायचा. एवढी थोरली इमारत, नक्षीचे सज्जे, उंच मनोरा. आई म्हणाली, ‘‘झाडून कोन काढत असेल गं एवढं?’’ बाबा मात्र मनोऱ्याकडे एक डोळा मिटून बघत होते.

‘‘हा आपल्या किनाऱ्याला पायजे होता,’’ ते म्हणाले. ‘‘लांबून दिसला असता. माडांची टोकं आनि हा एका रेषेत धरला की होडी सरळ खाडीच्या तोंडात.’’

होडीचा विषय निघालाच होता. दादा पुढे झाला. ‘‘बाबा, मला जरा–’’

‘‘उन्हात काय उभा ऱ्हातोस? चल.’’

तळ्याकाठी पुन्हा तेच. बाबांनी पाण्यात हात घालून बघितला. ‘‘याला भरती नाय, ओहोटी नाय. कसलं पानी हे?’’ दादा उठला, बसला, परत उठला. शेंगा घेऊन आला आणि एकही न खाता सगळ्या माझ्या ओंजळीत ओतल्या. मी त्याच्या कानाशी दात-ओठ खात म्हटलं, ‘‘तू सांगतोस का मी सांगू?’’ आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळची परतीची गाडी धरायची होती आणि दिवस हातचा निसटत चालला होता.

उरलेला वेळ काढायला म्हणून एका बागेतल्या म्युझियममध्ये शिरलो. मूर्ती, तलवारी, चित्रं. मी कशाकडेच धड बघितलं नाही. आणि मग एका दालनात देवमाशाचा सांगाडा समोर आला. आमच्या होडीहून कितीतरी लांब, बरगड्यांमधून माणूस आरपार जाईल एवढा.

बाबांनी चपला काढल्या. टोपी काढली. आईनेही चपला काढल्या, म्हणून आम्हीही. रखवालदार ओरडला, ‘‘अरे, चप्पल पहनो! ये मंदिर नहीं है!’’ बाबांच्या कानावर ते गेलंच नाही. त्यांनी कठड्याला कपाळ टेकलं.

आमच्यात होडीवरून कायमचा उतरणारा माणूस दर्याला सांगून उतरतो, आणि त्याच्या वतीने घरचा कर्ता सांगतो. न सांगता गेलेल्याला दर्या कुठूनही परत ओढतो, असं मानतात. हे सांगणं किनाऱ्यावर होतं. बाबांनी ते तिथे, दर्यातल्या देवासमोर, फरशीवर अनवाणी उभं राहून, मोठ्याने केलं.

‘‘देवा, नारळ नाय आनला. तू इथं असशील ते ठाव नव्हतं. माझा पोर होडीवरनं उतरतो हाय, सोमवारपासून. त्याच्यावर रागावू नको. त्याला परत बोलवू नको. मी हाय.’’

सोमवार त्यांना कुणी सांगितला होता? मी आईकडे बघितलं, तिने मान हलवली. तिने नाही, मी नाही. बोईसरच्या बाजारात चार माणसं भेटतात, बाबांना केव्हाच कळलं असणार.

मला वाटलं, दादा आता उड्या मारेल. सकाळपासून ज्याच्यासाठी तडफडत होता ते न मागता मिळालं होतं. पण तो जागचा हलेना. कठडा धरून उभा राहिला आणि रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज काढून. माझा आधी संताप झाला. मग मी बाबांकडे बघितलं. ‘मी हाय’ म्हणणारे बाबा समोर उभे होते. बोटं आखडलेली, एक खांदा खाली आलेला. पुढच्या उधाणाला ते परक्या माणसांना घेऊन डोल ओढणार होते. दादाला हे माझ्याआधी दिसलं होतं. मला तिथून पळत सुटावंसं वाटत होतं.

रखवालदार जवळ येऊन उभा राहिला, पण ओरडला नाही.

बाबांनी टोपी घातली. मग खाली वाकून त्यांनी दादाच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायाशी नीट जोडून ठेवल्या.

‘‘घाल,’’ ते म्हणाले. ‘‘तिथं कामावर बुटं देतात म्हने.’’