मुकी दिशा

ओतिलिया बार्रियाने भावासाठी बनवलेली अँटेना चांगली होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे हे वाक्य ती कुणाला पुरं बोलू देत नसे.

आम्ही दोघं वाल्दिव्हिया शहरात, विद्यापीठाच्या रेडिओ विभागात. ती इंजिनीयर, मी मोजमापं घेणारा, वयाने तिच्याहून पंधरा वर्षं मोठा. ती समुद्रकाठच्या कालबुको गावची, कोळ्याच्या घरातली. म्हणूनच तिकडच्या मच्छीमारांनी तिला गाठलं. त्यांना होडीवर बसवायला संकटाची पेटी हवी होती. होडी उलटली की ती आपोआप सुरू व्हावी, सारखा सिग्नल पाठवावा, आणि टेकडीवरच्या रेडिओ ठाण्यात तो ऐकू यावा. ओतिलियाने तिला वीतभर उभी तार दिली. अशा तारेतून लहरी चारी बाजूंना सारख्या जातात. फक्त तारेचं टोक जिकडे रोखलेलं असेल, तिकडे काहीच जात नाही. ती दिशा मुकी. पण पेटी उभी असली की टोक आभाळाकडे, आणि आभाळात ऐकायला कोण बसलंय!

पहिली पेटी तिने धाकट्या भावाला, रेनानला दिली. कालबुकोच्या धक्क्यावर ती बसवताना मीही होतो. बहीण बारीक म्हणून तो तिला काडी म्हणायचा.

"आणि ही आडवी पडली तर गं, काडी?"

"तर टोकाच्या रेषेत बसलेल्याला ऐकू जाणार नाही. पण नेमकं तिथेच ठाणं यायला तुझं नशीब फारच फुटकं पाहिजे."

तो हसला आणि त्याने स्क्रू पिळले.

ऑगस्टमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तो एकटाच खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला असताना होडी उलटली. ठाण्यात चार मिनिटं सिग्नल आला आणि थांबला. होडी बुडाली असं सगळ्यांनी धरलं, आणि वारा जिकडे मोडतोड नेईल तिकडे शोध सुरू झाला. एकतीस तासांनी एका मालवाहू बोटीला ती सापडली. एका बेटाच्या खडकांत, पालथी अडकलेली. पेटी दोरात गुंतून आडवी झाली होती आणि तिचं टोक सरळ टेकडीवरच्या ठाण्याकडे होतं. ती अजून चालू होती. रेनानने मनगट दोराने होडीला बांधून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिला सबंध दिवस तो जिवंत असावा.

आईने, डोन्या सुनिल्दाने, अंत्यविधीनंतर एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "तो हाका मारत होता, आणि तुझ्या तारेने तोंड फिरवलं." पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. ओतिलियासाठी ते जास्त वाईट झालं.

आठवड्याने ती कामावर आली आणि तीच पेटी मोजणीच्या खोलीत फिरत्या स्टँडवर ठेवली. त्या खोलीच्या भिंतींना, छताला काळ्या स्पंजाचे सुळके लावलेले असतात. कुठलीही लहर परत येत नाही. आवाजही नाही. फार वेळ उभं राहिलं की आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. मी स्टँड फिरवत आकडे वाचत गेलो. टोक समोर आलं तसा काटा तळाला बसला. ओतिलिया चालत त्या रेषेत गेली आणि उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तिथे स्टूल नेऊन ठेवलं. मग दुपारचा डबाही ती तिथेच खाऊ लागली, दार लावून.

एकदा मी तिला बाहेर बोलवायला गेलो. तिने हाताने मला गप्प केलं.

"डॉन उल्दारिको," ती मला आदराने अशीच हाक मारायची, "टिकटिक ऐकू येते तुम्हाला?"

पेटीला आवाज नसतो. रेडिओच्या लहरी कानाला कुठून ऐकू येणार? मी तिच्यासमोर पेटी उघडून बॅटरी काढली आणि तिच्या हातात दिली. ती मान कलती करून ऐकतच राहिली.

"अजून आहे," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी त्या खोलीत एकटा जाणं टाळू लागलो.

पुढची सहा वर्षं तिने एकच काम केलं. दोन तारा एकमेकींना आडव्या, आणि दुसरीला लहर पाव ठेक्याने उशिरा द्यायची. एक जिथे मुकी, तिथे दुसरी बोलते. ही कल्पना जुनी, कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण मुठीएवढ्या पेटीत बॅटरी, स्क्रू, खारं पाणी, सगळंच लहरींना वाकडं करतं. एकशे बारा नमुने झाले. प्रत्येक मी उभा, आडवा, पालथा फिरवून मोजला. एकशे बाराव्यात मुकी दिशा उरली नाही. सगळ्यांत कमजोर दिशेलाही सगळ्यांत जोरकस दिशेच्या निम्मं बळ होतं. मी तिचं अभिनंदन केलं.

"निम्मंच का?" तिने विचारलं. याहून गोल या दोन तारांत होत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "त्या निम्म्यात कुणीतरी असेलच ना."

समुद्रावरची चाचणी भर दुपारी झाली. कोळ्यांनी एक जुनी होडी पालथी केली. मी ठाण्यात हेडफोन लावून. होडी सगळ्या अंगांनी वळवली गेली. मला सगळं ऐकू आलं. मी वायरलेसवर सांगितलं, पुरे, या आता. कुणी आलं नाही. सिग्नल मात्र तासभर येत राहिला. मी धक्क्यावर उतरलो तेव्हा कोळी तिला घेऊन आले होते. तिने त्यांना लांब जायला सांगितलं होतं, आणि स्वतः पालथ्या होडीवर बसून राहिली होती. मनगटावर दोराचे वळ होते.

"एकही सिग्नल चुकला नाही?" तिने मला विचारलं.

"एकही नाही, पोरी."

तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नव्या पेट्या होड्यांवर गेल्या. तिसऱ्या हिवाळ्यात केइलेन गावचा एक पाणबुड्या उलटल्या होडीवरून चाळीस मिनिटांत वाचला. बायकोने केलेले मिल्काओ, बटाट्याचे जाड पोळे, घेऊन तो आमच्याकडे आला, आणि काय बोलावं न कळून टोपी चुरगळत बसला. ओतिलियाने त्याला 'माते' या कडवट पाल्याच्या चहाचा पेला दिला आणि विचारलं, मदतीची वाट बघत होतात तेव्हा मनात काय होतं?

"खरं सांगू, सिन्योरा? पेटीवर तो तांबडा दिवा असतो ना, लुकलुकणारा. त्याच्याकडे बघत होतो. तो लुकलुकतोय म्हणजे कुणीतरी ऐकतंय, असं वाटत होतं. त्याच्यावर तगलो."

ओतिलियाचा चेहरा पांढरा पडला. रेनानच्या पेटीवरही तोच दिवा होता, शेवटपर्यंत लुकलुकणारा. मलाही ते त्याच क्षणी कळलं. तो माणूस घाबरून विचारू लागला, माझं काही चुकलं का. ती म्हणाली, नाही. तिने त्याला जेवायला थांबवून घेतलं, मुलांची नावं विचारली, दारापर्यंत पोचवलं.

मग आत येऊन तिने पेटीचं चित्र टेबलावर पसरलं आणि दिव्याकडे जाणारी रेघ खोडली. ठाण्याकडून उलट सिग्नल आला तरच दिवा लागेल, अशी पेटी तिला करायची आहे. म्हणजे अँटेनेला आता ऐकताही आलं पाहिजे, सगळीकडून. चार वर्षं झाली. मी निवृत्त झालो तरी मंगळवारी मोजायला जातो. टिकटिकीचं मी विचारत नाही. मधेच ती पेन्सिल थांबवते, मान कलती करते, आणि मी तेवढा वेळ आकडे वाचायचं थांबतो.