सूर्यफुलाच्या बिया

बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि आखातातल्या, अल् घुब्राच्या फ्लॅटमधली माझी शुक्रवारची सुट्टी संपेचना. भिंतींसमोर नकला किती करणार? म्हणून मी प्रेक्षक जमवले, मोजून दोन. वरच्या मजल्यावरचा बाकूचा अझरबैजानी, तेलविहिरीवरचा इंजिनियर. आणि समोरच्या दारातला आर्मेनियन, व्हायोलिन शिकवणारा. दोघे फाशांचा खेळ मांडत, मी चहा करी आणि आमच्या अर्बाबची, म्हणजे अरबी मालकाची, नक्कल. काय हसत!

दोघांनीही, दुसरा नसताना, मला एकेक गोष्ट सांगितली होती. दोन्ही झारच्या राजवटीतल्या बाकूच्या. आर्मेनियनच्या पणजोबांचं घर आर्मेनियन-अझरबैजानी दंगलीत जळलं, अझरबैजानीच्या पणजोबांचं दुकान. आणि दोन्हींत झारचे घोडेस्वार शिपाई कोपऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया खात मजा बघत होते.

असा मसाला हाती आल्यावर मी गप्प बसेन? एका शुक्रवारी बियांची वाटी घेऊन मी खुर्चीवर उलटा बसलो, घोड्यावर बसल्यासारखा.

"जळू दे रे! हा जळो की तो, झारला काय! घे, बिया खा!"

"अस्साच!" अझरबैजानीने टाळी दिली.

आर्मेनियनही हसला. मग म्हणाला, "पण आग शिपायांनी नव्हती लावली."

"मग कोणी?" अझरबैजानीने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे ते सांगू? आधी कोणाचं दुकान पेटलं?"

पुढचं सगळं रशियनमध्ये. आवाज चढत गेले. मला एक अक्षर कळेना. मी तसाच घोड्यावर, आणि तोंडात बी. चावत होतो, हे लक्षात आलं तेव्हा दार दोनदा आपटून झालं होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दोघांचेही मेसेज आले. मजकूर तोच: तो येणार आहे का?

'नाही' लिहिलं असतं तर एक चार वाजता आला असता, दुसरा सहाला. मला दोन खेळ मिळाले असते. थापा मारण्यात माझा हात कोणी धरत नाही. पण वाटी अजून टेबलावरच होती. मी दोघांनाही लिहिलं, "मी दोघांना बोलावलंय."

चारला चहा टाकला, तिघांचा. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. समोरच्या दारामागे व्हायोलिन सुरू झालं. मी फासे टाकले, मग पलीकडच्या खुर्चीवर जाऊन पुन्हा टाकले.