रोमहून आलेला नकाशा

माझी बायको तुळसा गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी चुना चाळला. यात सांगण्यासारखं काही नाही, रोजच चाळत होतो. मी गवंडी, ती माझ्या हाताखाली. चाळणीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. मी बोलत होतो, तर म्हणाली, "हात हालवा, तोंड कायले हालवता? चुना तोंडानं चाळून राह्यले काय?" तीस वर्षांच्या संसारातलं हे तिचं शेवटचं धड वाक्य. दुपारी भाकर थापता थापता छाती धरून बसली, ती उठलीच नाही. लोकांच्या बायका जाताना काही गोड बोलून जातात म्हणे. माझी मले गप करून गेली.

आमचा एकुलता पोरगा सुखदेव तेव्हा रोमले होता. रोम म्हणजे समुद्रापलीकडचं पुराणं शहर. सरकारनं शिष्यवृत्ती देऊन त्याले तिथं पाठवलं होतं, जुन्या इमारती अन् मूर्ती शिकायले. आता तुम्हीच सांगा, गवंड्याच्या पोराले भिंत पाहायले रोमले कायले जावं लागते? माझ्या बापानं मले तीन महिन्यांत गवंडी केलं, अन् त्यातला एक महिना नुसता मारण्यात गेला. याले तिथं दुसरं वर्ष चालू होतं, अन् पत्रात लिहीत होता की अजून वीट हातात घेतली नाही, मापं घेणं चालू आहे. (दुसऱ्यानं बांधलेल्याचं माप घ्यायचं अन् त्याले शिक्षण म्हणायचं. असं शिक्षण आमच्याकडे शिंपी फुकटात देतो.) तुळसा मात्र गावभर सांगत फिरे, "माहा पोरगा रोमले हाये." रोम नागपूरच्या अलीकडे की पलीकडे, हे तिले शेवटपर्यंत समजलं नाही.

तिले आमच्या वावराच्या बांधावर, वणीच्या रस्त्याले लागून माती दिली. सुखदेवले वणीहून तार केली. तो येऊ शकत नाही, हे कळत होतं. पण उत्तरही आलं नाही. साऱ्या गावानं मूठमूठ माती टाकली, तिच्या पोटच्या पोराचीच तेवढी राहिली. तिच्या जागेवर त्याच्या हातचं काहीतरी असावं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

बाराव्या दिवशी रोमचा लखोटा आला. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. एक जाड कागद, त्यावर चित्र. समोरून कसं दिसते, बाजूनं कसं, वरून कसं. मी दोन बुकं शिकलो, पण असा कागद मले गुरुजीपेक्षा चांगला वाचता येतो. दगडी ओटा, वर लांबट खोलगा, समोर सिंहाचं तोंड, उघडं. कोपऱ्यात मात्र परदेशी अक्षरं होती. ती घेऊन मी गुरुजींकडे गेलो.

आमचे गुरुजी पेन्शनीत निघालेले, अन् 'मले येत नाही' हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. कागद उभा धरला, आडवा धरला. माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाले, "आईच्या आठवणीसाठी."

"एवढ्या लांब दोन ओळीत एवढंच?"

"त्यांची भाषा लांबलचक असते, किसन."

मले पटलं. सिंहानं तर उरलीसुरली शंका मिटवली. आम्ही छप्पन सालचे बौद्ध, सिंह दिसला की आम्हाले अशोक राजाच आठवतो. पोरगा तिकडं राहूनही विसरला नाही, म्हणून छाती फुगली.

दुसऱ्याच दिवशी कामाले लागलो. कागदावर होतं तसंच, सुताभराचा फरक नाही. सिंहाचं तोंड चुन्यात घडवायले चार दिवस गेले. माझा साळा दशरथ रोज येऊन बांधावर बसे अन् मान वाकडी करून पाहे.

"भाऊजी, हे गुराच्या हौदावानी काहून दिसून राह्यलं?"

"रोमची कला हाये ही. तुले काय समजते? तू तुरी विकणारा माणूस."

"कला हाये तर मंग वर खड्डा कायले?"

"फुलं वाहायले."

"एवढी फुलं? बैलबंडीभर लागतील."

"तुह्या घरून आणणार हाये काय? मंग गप बस."

बांधून झालं त्या दिवशी सारा मोहल्ला आला. बायांनी खोलग्यात झेंडूची फुलं टाकली, ती तळाशी कुठंतरी गेली, वरून दिसेचना. उदबत्ती खोवायले जागा नव्हती, म्हणून ती सिंहाच्या तोंडात दिली. मग काय, सिंह विडी ओढत बसल्यासारखा दिसायले लागला. वणीले कापूस घेऊन जाणारे गाडीवान बैलबंड्या थांबवून पाहत. मले वाटे, कला पाहून राह्यले. मी गुरुजींकडून रोमले पत्र धाडलं, की तुझ्या नकाशाबरहुकूम आईचं काम पूर्ण झालं.

महिन्याभरानं उत्तर आलं. गुरुजी माझ्या अंगणात मोठ्यानं वाचू लागले, दशरथ शेजारीच होता. सुखदेवनं मराठीत लिहिलं होतं, बाबा, मी मापं घ्यायला डोंगराकडच्या गावांत होतो, तार मला फार उशिरा मिळाली. तो कागद तार मिळायच्या आधीचा. मी नसताना खोलीवरच्या सोबत्यानं चुकून तुमचा पत्ता लिहून ठेवलेल्या लखोट्यात घालून टपालात टाकला. तो इथल्या जुन्या बाजारातला घोड्यांना पाणी पाजायचा हौद आहे, माझ्या परीक्षेसाठी काढला होता. आईसाठी मी काही काढलं नाही. बसतो, पण हात चालत नाही.

गुरुजींनी पत्राची घडी केली. मी म्हणालो, "गुरुजी, ते कोपऱ्यातलं तुमाले वाचता आलतं काय?"

"नाही आलं."

"मंग काहून सांगितलं?"

"तुह्या तोंडाकडे पाह्यलं, किसन. दुसरं सांगता आलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही माझं तोंड वाचायले दिलं नव्हतं, कागद दिला होता! तोंड वाचून घ्यायचं तर मी न्हाव्याकडे गेलो असतो.

तोवर दशरथ घरातून लोखंडी सब्बल घेऊन निघाला. "माह्या बहिणीच्या डोक्यावर घोड्याचा हौद? आत्ता पाडतो."

मी मागं धावलो. बांधावर त्याच्या हातातली सब्बल हिसकली. "बाजू हो. म्या बांधला, मीच पाडीन." अन् उचललीही. पण डोक्यात पत्रातलं तेच फिरत होतं, हात चालत नाही. म्हणजे आता दुसरा कागद येणार नव्हता. पोराच्या हातचं जे होतं ते एवढंच.

"मारा ना," दशरथ म्हणाला.

"नाही मारत. घोड्याचा असो की गाढवाचा, रेघा सुखदेवच्या हायेत."

"लोक हासतील, भाऊजी."

"हासू दे. तुह्या बहिणीनं मले तीस वर्षं हासलं, म्या काही मेलो नाही."

तो तणतणत गेला. मी सब्बल धरून तिथंच बसलो. हौदच आहे तर कोरडा ठेवण्यात काय अक्कल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो अन् बादल्या वाहू लागलो. दहा झाल्या, वीस झाल्या, हौदात पाणी काही वर येईना. फुलं वाहायचा खोलगा समजून मी आतून पाणी अडवायची घोटाईच केली नव्हती. चाळीस वर्षं या हातानं लोकांच्या टाक्या बांधल्या, एकही झिरपली नाही. हा चारही अंगांनी पाझरत होता. तेवढ्यात एक गाडीवान थांबला. त्यानं बैल सोडले, ते पिऊ लागले, मी ओतू लागलो. आधी कोणी थांबायचं, हे बैलांनाही समजेना अन् मलेही.

गाडीवानानं खाली ओल पाहिली. "बाबा, कोण्या गाढवानं बांधला हा?"

"पांढरकवड्याकडचा होता कोणी," मी म्हणालो, अन् पुढची बादली आणायले गेलो.