देवी काढायला येणार आहेत

आमच्या वस्तीतला मॅट्रिक झालेला पहिला माणूस मी. हे वाक्य मी आयुष्यभर भाषणांत वापरलं आणि दर वेळी टाळ्या घेतल्या. त्या मॅट्रिकने काय दिवे लावले ते मात्र एकाही भाषणात सांगितलं नाही. आता सांगतो.

साठच्या दशकातली गोष्ट. रेल्वेलाइनीपलीकडची आमची वस्ती, कुडाच्या भिंती, टिनाची छपरं, सगळ्यांत मिळून दोन नळ. पुरुष बहुतेक कापडगिरणीत, बायका विड्या वळायच्या. मतं मागायला येणारे सोडले तर शहाणा माणूस तिकडे फिरकत नसे. जे काय करायचं ते आमची पंचकमिटी करी. चार पिकली पानं आणि सेक्रेटरी म्हणून पंचविशीतला मी.

काही वर्षांपूर्वी वस्तीने धम्मदीक्षा घेतली होती. दीक्षेने आम्हांला ताठ उभं केलं, त्याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पुढे कमिटीने जे केलं ते मात्र आमच्याच पदरचं. लोकांनी आपल्या हातांनी देव बाहेर काढले होते, तरी आम्ही घरोघर तपासणीला निघालो. कणग्यांत हात घातले, पेट्या उपसल्या. एका म्हातारीच्या उतरंडीत मातामाय देवीची मूर्ती सापडली, तर तिला चारचौघांत उभं करून जाब विचारला. विचारणारा मीच. म्हातारी रडायला लागली तेव्हा मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटत होतं. पाटलाच्या वाड्यावर ज्या आवाजात आमच्या बापांना दटावत, तोच आवाज मी लावला होता. या मोहिमेला आम्ही 'देव काढणं' म्हणायचो.

माझी थोरली बहीण, तिला मी बाई म्हणे, आमच्याच ओळीत राहायची. नवरा वारलेला, पदरात चार वर्षांची पोर. तिच्या घराची झडती आम्ही घेतली नाही. सेक्रेटरीच्या बहिणीच्या घरी काय सापडणार?

एका हिवाळ्यात आरोग्य खात्याच्या सदरमधल्या ऑफिसातून पत्र आलं. देवीची लस टोचायला माणसं येणार होती, कमिटीने लोकांना तयार ठेवायचं होतं. साथ शेजारच्या वस्तीपर्यंत येऊन ठेपली होती. आम्हांला कोणी पत्र लिहिलं याचंच अप्रूप इतकं, की मी ते तीनदा वाचून दाखवलं. पण काम आम्ही मनापासून अंगावर घेतलं, हेही खरं. गिरणीच्या पाळ्या बघून वेळ ठरवली, रांगेसाठी दोऱ्या बांधल्या, टोचणाऱ्यांच्या चहाची सोय केली. राहिली दवंडी. डफडं वाजवणं आम्ही केव्हाच सोडलं होतं, म्हणून पत्र्याचा भोंगा करून आणला. मजकूर अर्थातच मी लिहिला.

आमच्याकडे त्या रोगाला 'माता' म्हणत आणि टोचण्याला 'टिके लावणं'. कमिटीतला सगळ्यांत म्हातारा पंच अंगठेबहाद्दर होता. तो म्हणाला, "टिके लावाले येऊन राहिले, असं सरळ सांग ना गा. बायांले समजते."

मला हसू आलं. पत्रात 'देवी काढणे' होतं, शाळेच्या पुस्तकातही तेच. "काका, आपण शुद्ध बोलायला कधी शिकणार?" मी म्हणालो.

संध्याकाळभर मी गल्लीगल्लीतून ओरडत फिरलो, "उद्या सकाळी घरोघर देवी काढायला येणार आहेत! कोणीही लपवाछपवी करू नये! लपवणाऱ्याचं नाव पंचांपुढे येईल!" लपवाछपवी म्हणजे पोरांची. सुईला भिऊन आया पोरं लपवतात, असं पत्रात बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी रांगा लागल्या. गोल दात्यांची टोचणी दंडावर ठेवायची, फिरवायची, पोराने किंचाळायचं, की पुढचं पोर. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. सात-आठ घरांना कुलपं दिसली, बहुतेक एकट्या बायांची. त्यांत बाईचंही होतं. "गावाले गेली असन," कोणीतरी म्हणालं. टोचणाऱ्यांच्या साहेबांनी सही घेतली आणि मी वर लिहिलं, वस्ती पूर्ण.

बाई चार दिवसांनी परतली. सासरी गेले होते म्हणाली. मी टोचण्याबद्दल विचारलंसुद्धा नाही, कारण साहेब सत्काराचं बोलले होते आणि मी हाराच्या गडबडीत होतो.

पंधरवड्याने पोरीला ताप भरला. मग अंगावर फोड उठले, ते इतके, की तीळ ठेवायला जागा उरली नाही. मी तिच्या उशाशी बसून बाईवरच चिडलो. "एवढा ओरडत होतो भोंग्यावर. टिके काहून नाही लावले?"

"टिके?" बाई माझ्याकडे बघत राहिली. "तू तं देवी काढाले येऊन राहिले म्हणत होता."

मला अजून कळलं नव्हतं.

"सासूची मातामाय होती माह्या कणगीत," ती म्हणाली. "मरताना माह्या हातात देल्ली तिनं. फेकवली नाही गा माह्याच्यानं. तू म्हणला घरोघर येणार, नाव पंचांपुढे येणार. सेक्रेटरीच्याच बहिणीच्या घरी सापडली असती, तं लोकांनी तुह्या तोंडात शेण घातलं असतं. म्हणून पोरीले घेऊन पळाली, अन् मातामायले सासरी ठेवून आली. तुह्या इज्जतीसाठी गेली होती मी."

बाकीच्या कुलपांमागेही हेच असणार. मी एकाही दारी विचारायला गेलो नाही. धीरच झाला नाही.

पोर जगली. दोन्ही डोळे गेले.

महिन्याभराने सत्कार झाला. 'शंभर टक्के वस्ती' म्हणून कमिटीला फ्रेम केलेला कागद मिळाला आणि हार माझ्या गळ्यात पडला. मी तो घेतला. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि लाजेची गोष्ट ही, की हार पडला तेव्हा मला बरंही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात हैज्याच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, सुया द्यायला माणसं आली. या खेपेला मी कागदच घेतला नाही. आमच्याच बोलीत, माझ्या आईच्या शब्दांत, घसा बसेपर्यंत ओरडलो. सगळी वस्ती आली. बाईसुद्धा आली, पोरीचा हात धरून, खड्डे चुकवत. मी पुढे झालो. "बाई, हैज्याची सुई हाय. दुसरं काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाशी बसलेल्या परक्या नर्सला ती म्हणाली, "सिस्टर, काय हाय ते तुमीच सांगा. याचं बोलणं मले समजत नाही."

नर्सने सांगितलं, मी सांगितलं होतं तेच. मग बाईने पोरीची बाही वर केली.