पंख्याखालचे बेदाणे

तासगावच्या नणंदेनं पाठवलेले बेदाणे मी चार पाण्यांनी धुतले, जुन्या धोतरावर पसरले आणि वर पंखा लावला. ओल राहिली तर बुरशी धरते, म्हणून दोन दिवस ते हॉलमध्येच आहेत. आता तिथून जाणारा प्रत्येक जण वाकतो. नवरा पेपर आणायला उठतो आणि मूठ भरून परततो. लेक तर फोनवर बोलत तिथेच फतकल मारून बसते.

"अहो, बरणीत भरू तरी द्या! मग खा की!" मी वैतागले.

"बरणीतलं कोण काढून खातं, आई?" लेक म्हणाली.

खरं होतं, म्हणून जास्तच चीड आली. गेल्या वर्षीचे अंजीर मी घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये मागे ठेवले होते. कुणी विचारलंसुद्धा नाही, शेवटी कचऱ्यात गेले. घरातल्यांशी बोलायच्या कितीतरी गोष्टीही मी अशाच निवांत वेळेसाठी मागे सारून ठेवल्यात.

संध्याकाळी पुसून कोरडी केलेली बरणी घेऊन आले, तर धोतरावर जेमतेम निम्मे बेदाणे. दोघांनाही चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी तोंड उघडलं.

बोलता येईना. तोंडात बेदाणे होते.