दोघांचा एकत्र फोटो

फोटोग्राफरने आयुष्यभर लोकांची लग्नं टिपली, पण स्वतःच्या लग्नातसुद्धा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायला तो काही तयार झाला नाही. त्याचं प्रायश्चित्त त्याला परवाना कार्यालयात मिळालं. बायको परदेशातली. तिला नवऱ्याजवळ राहायचं तर संसार खरा असल्याचा पुरावा द्यायचा, आणि पुरावा म्हणजे दोघांचे एकत्र फोटो. त्याने पिशवीभर फोटो टेबलावर ओतले. सगळ्यांत बायको एकटीच.

"यात तुम्ही कुठे आहात?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"अहो, मी काढलेत ना!"

"ते कशावरून?"

बायकोने कपाळावर हात मारला. बाई फोटो चाळत राहिल्या. जिन्यात, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, जिथे बघावं तिथे बायकोच्या कपाळाला आठ्या आणि तोंड उघडं.

"प्रत्येक फोटोत तुम्ही बोलताय तरी काय?" बाईंनी तिला विचारलं.

"दुसरं काय बोलणार? 'पुरे करा ते फोटो, आधी ही पिशवी धरा!'"

बाईंनी शिक्का उचलला. "परक्या माणसाकडे असं कुणी बघत नाही," म्हणाल्या आणि दाणकन उमटवला.

बाहेर पडताच बायकोने नवऱ्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातात दिला. तो एकुलता एक फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. त्यात दोघं शेजारी उभी राहून छान हसताहेत, आणि अगदी परकी दिसताहेत.