वडगावच्या मागावरची डावरी गाठ

रविवार, १२ जानेवारी, सकाळी साडेअकरा. वडगाव, बेळगाव. हजर : मी, धाकटा भाऊ सुनील, आमची आत्या (तिला आम्ही आक्का म्हणतो) आणि घराचे मालक, ऐंशीचे विणकर आप्पा. हे आधी लिहिते, कारण असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही फारसा नाही.

ब्रिटिशांच्या काळात तरुणपणी विधवा झालेल्या आमच्या खापरपणजीने दोन हातमागांवर चार पोरं वाढवली. आमच्या घरात लग्नकार्याच्या आधी, घरातल्या वारलेल्या बायकांना माहेरच्या नावाने हाक मारून पान वाढतात. तिचं पान मात्र दर वेळी मुक्यानेच, कारण लग्नात नाव बदललं आणि आधीचं कुणी लिहूनच ठेवलं नाही. फेब्रुवारीत माझ्या मुलीचं लग्न होतं. तिचं माहेर वडगावातल्या विणकरांचं, एवढंच ठाऊक होतं. या वेळी हाक मारायचीच म्हणून तिथल्या जुन्या विणकरांची लिस्ट केली. हे सातवं घर.

"लक्ष्मी? न्हाय बा आमच्यात," आप्पा म्हणाले.

"सासरचं नाव ते, आप्पा," आक्का म्हणाली. "माहेरचं ठाऊक असतं तर चपला झिजवत आलो असतो व्हय?"

निघताना मागावरचा एक धागा तुटलेला दिसला. वाकले, जोडला. मी जन्मात मागाला हात लावलेला नाही.

"ताई," सुनील म्हणाला, "डाव्या हातानं? तू तर उजवी."

आप्पा चष्मा पुसून धाग्यावर वाकले.

"ही डावरी गाठ. आमच्या घराभाईर कुणाला येत न्हाय. कुणी शिकवली गं?"

"कुणीच नाही."

"माझ्या आज्जाची थोरली बहीण डावरी होती, तिची ही गाठ. नवरा गेल्यावर भाऊ आणायला गेलते. म्हणाली, मी येत न्हाय, माग पाठवा. दोन माग पाठवले. चंपा नाव तिचं."

मागांबद्दल आम्ही त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आक्का ताठ बसली. "बघ रं सुन्या, आपण कुणाची माणसं हाय."

लग्नाआधी पान वाढलं. मुलीने खणखणीत आवाजात हाक मारली – "चंपाआज्जी, जेवायला या." भरल्या घरात माझी मान एवढी उंच कधी झाली नव्हती.

गाठ लहानपणी पाहिली असेल म्हणावं, तर आमचे माग माझ्या जन्माआधीच मोडले.

एक काम राहिलंय. आप्पांचे हात आता थरथरतात, सुनेला ती गाठ येत नाही. "येऊन शिकवून जा," असा त्यांचा दोनदा फोन आला. मी रोज दोरा घेऊन बसते, डाव्या हाताने... अजून एकदाही जमलेली नाही.